पिराजी सातपुते आणि चौथा प्रश्न

पिराजी सातपुते मंडईत शिरला की कलिंगडवाला लांबूनच ओरडायचा, "आला रं आला, इन्स्पेक्टर आला! माल झाका!" ओरडायला कारण होतं. पिराजी आपलं कलिंगड तर वाजवून घ्यायचाच, पण शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातातलंही टिचकी मारून बघायचा. "ठेवा ते पावणं, बद्द वाजतंय. ह्ये घ्या." कलिंगडवाला शिव्या घालायचा, गिऱ्हाईक हसायचं, आणि हा बाबा कान पुढं करून दुसऱ्या ढिगाकडं निघालेला असायचा. लग्नात आहेराची भांडी आली तर हा वाजवणार. कुंभाराकडं गेला तर दहा माठ वाजवून अकरावा घेणार. बायको होती तोवर ती कपाळावर हात मारून कानडीत काहीतरी पुटपुटायची. बसम्मा निपाणीकडची, राग आला की तिला मराठी आठवत नसे.

ही खोड फाउंड्रीतली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ट्रकच्या ब्रेकचे ड्रम ओतणाऱ्या एका फाउंड्रीत पिराजीनं एकतीस वर्षं काढली, ती सगळी हातात छोटी हातोडी घेऊन. थंड झालेलं कास्टिंग टांगायचं, एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. ठण्ण वाजलं तर माल चांगला. बद्द वाजलं तर आत कुठंतरी तडा आहे, वरून कितीही गुळगुळीत दिसू दे. एकदा दिवाळीच्या तोंडावर ट्रक गेटवर उभा, मॅनेजर घड्याळाकडं बघतोय, आणि ह्यानं तीनशे नगांचा अख्खा लॉट अडवला. मॅनेजर थयथयाट करायला लागला, "अहो सातपुते, कुणाला दिसतोय तुमचा तडा?" पिराजी लॉटवरच मांडी घालून बसला. म्हणाला, "माल गाडीत चढवायचा आसंल तर आधी मला उचलून चढवा." शेवटी दोन नग कापून बघितले. तडा निघाला, केसाएवढा. त्या दिवसापासून तिथं म्हणच पडली, पिराजीनं हातोडी मारली की माल पास.

असा हा कडक माणूस. आणि ह्यानंच आयुष्यातला सगळ्यात मोठा माल न वाजवता पास केला!

कागल रस्त्याच्या कडेला ख्रिस्ती मंडळीचं एक जुनं दगडी देऊळ आहे. नवी पोरं चर्च म्हणतात, जुनी माणसं देऊळच म्हणतात. पिराजी तिथला 'वडील'. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेला कारभारी. पाळकाच्या, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूच्या, जोडीनं मंडळीला सांभाळायचं आणि शिकवण सरळ चाललीय की वाकडी, यावर डोळा ठेवायचा. वडील दोनच होते, एक पिराजी आणि दुसरे हंबीरराव सर. सर म्हणजे रिटायर हेडमास्तर, त्यांनी नुसतं खाकरलं तरी अजून माणसं ताठ बसायची.

ह्या देवळाची एक रीत आहे. पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच ओट्यावर, शास्त्र म्हणजे बायबल आधीपासून ठेवलेलं नसतं. कातडी बांधणीचं जाडजूड शास्त्र खाली टेबलावर असतं. उपदेशाची वेळ झाली की एक वडील ते दोन्ही हातांत धरून पाच पायऱ्या चढतो, वर ठेवतो, आणि मग उपदेशक वर जातो. वडिलानं शास्त्र वर नेलं नाही तर उपदेश नाही, मग समोर कुणी का असेना. आणि माणूस नवा असेल तर आदल्या दिवशी वडिलांनी त्याला घरी बोलवायचं, चहा पाजायचा आणि सात प्रश्न घालायचे.

हे सात प्रश्न प्लेगच्या काळातले. तेव्हा कुणीतरी उठवलं होतं की ज्याच्या घरात पाप, त्याच्याच घरात गाठ. झालं! मंडळीतली माणसं एकमेकांच्या दारात पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवेनात. तेव्हाच्या वडिलांनी बसून सात प्रश्न आणि त्यांची उत्तरं घातली. देव कोण, ख्रिस्त कोण, पापातून तारण कशानं, असे. त्यातला चौथा खास त्या अफवेसाठी. आजारी माणसाला देवानं टाकलंय का? उत्तर होतं, "नाही, टाकलेलं नाही. त्याच्या उशाशी देव बसला आहे. वैद्याचा हात धरावा, देवाचा सोडू नये, आणि आजाऱ्याला दोष देणाऱ्याचं ऐकू नये."

मंडळीच्या तीन पिढ्यांकडून हे घोटून घेतलं ते विठाबाईंनी. दोन म्हशी, एक खोली, नवरा तरुणपणीच गेलेला, आणि रविवारच्या शाळेत पन्नास वर्षं मास्तरकी. पिराजीही त्यांच्याच हाताखाली शिकला. पोरगं उत्तर देताना पुटपुटलं की बाई कानामागं हात नेऊन म्हणायच्या, "मोठ्यानं! देव बहिरा न्हाय, पण मी हाय!" पोरं खिदळायची, पण छप्पर उडेल असं ओरडून उत्तर द्यायची.

आता खोटं कशाला बोला, अलीकडं देऊळ ओस पडत चाललं होतं. गेल्या डिसेंबरात जुने पाळक निवृत्त होऊन गेले, आणि रविवारी वीस-पंचवीस डोकी उरली. त्यातली निम्मी पेंगायची. हंबीरराव सरांची नातवंडं घरी मोबाईल बघत लोळायची आणि सर कुढायचे. तेवढ्यात गारगोटीकडून बातमी आली की तिथं ब्रदर यशराज नावाचा एक तरुण उपदेशक आलाय आणि माणसं मैदानात मावेनात. सरांनी फोन केला. यशराज लगेच तयार झाला. शनिवारी संध्याकाळी यायचं ठरलं, पिराजीनं चहाला आलं सुद्धा आणून ठेवलं.

शनिवारी यशराज आलाच नाही, तिकडची सभा लांबली. आला तो रविवारी दहाला, थेट देवळात. आणि काय सांगावं, देऊळ फुल! बाकं भरली, खिडक्यांत माणसं, दाराबाहेर उन्हात माणसं, कीबोर्ड जोडलेला, ड्रमवाला काठ्या परजत बसलेला. पिराजीचा ऊर भरून आला. लहानपणी नाताळाला बघितलेली गर्दी त्यानं पुन्हा डोळ्यांनी बघितली होती. सरांनी हळूच विचारलं, "पिराजी, सात प्रश्न?"

"ऱ्हाऊ द्या की सर, मागनं घालू. मानसं उन्हात हुभी हाईत!"

आणि पिराजीनं शास्त्र उचललं, दोन-दोन पायऱ्या चढत वर नेऊन ठेवलं.

यशराज बोलला मात्र झकास. वय तिशीच्या आत, अंगानं काटकुळा, पण आवाज असा की पेंगणारे ताठ झाले. गाण्याला पोरं टाळ्या पिटत नाचली. सरांची नातवंडं पहिल्या बाकावर! पिराजी रडला, हसला, पुन्हा रडला. "जाळ आन् धूर संगटच!" असं तो बाहेर येऊन ज्याला त्याला सांगत सुटला. पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. सात प्रश्न आज घालू, उद्या घालू करत राहूनच गेले.

यशराज लबाड नव्हता. लबाड असता तर पिराजीच्या कानानं पहिल्याच दिवशी पकडला असता. पोरगं मनापासून बोलत होतं आणि आवाज खणखणीत होता, तिथंच तर गोम होती.

मार्चमध्ये यशराजचा उपदेश वेगळ्या वाटेला लागला. विश्वास पुरा असला की आजार टिकत नाही, असं तो सांगू लागला. गोळी म्हणजे शंका, शंका म्हणजे अविश्वास. हंगामाच्या सणाला मंडळी ज्या मोठ्या टोपलीत भाज्या, कणसं, गूळ आणून ठेवते, ती टोपली त्यानं पुलपिटासमोर मांडली. "आणा तुमच्या शंका! टाका इथं!" ड्रम धडधडायला लागला. माणसं उठली, रांग लागली, गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या टोपलीत पडायला लागल्या. प्रत्येक पाकिटाला टाळ्या.

पिराजीच्या कानात काहीतरी बद्द वाजलं. चौथा प्रश्न जिभेपर्यंत आला. इतक्यात रांगेत काठी टेकत विठाबाई आल्या, पदराखालून इन्सुलिनचं निळं पेन काढलं आणि टोपलीत टाकलं. बाईंना वीस वर्षांची साखर. पिराजीचे टाळ्यांचे हात हवेतच थांबले. उठावं, ओरडावं, असं त्याला वाटलं. पण एवढी माणसं, एवढा आनंद, आणि मधेच आपण उठून काय म्हणायचं? उपासना संपल्यावर बोलू, असं म्हणून तो बसून राहिला. उपासना संपल्यावर जेवणं होती, मग आवराआवर होती, आणि तो बोलला नाही.

नवव्या दिवशी विठाबाईंच्या म्हशी धारेच्या वेळेला हंबरायला लागल्या त्या थांबेनात. शेजारणीनं दार ढकललं तर बाई चुलीजवळ आडव्या पडलेल्या. साखर साडेपाचशेच्या वर. चार दिवस दवाखान्यात बाईंनी डोळे उघडले नाहीत. पाचव्या दिवशी उघडले, आणि पिराजी धावत गेला.

बाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. पिराजी स्टूल ओढून बसला. "बाई, कशापायी टाकलं वो ते पेन? चौथा प्रश्न तुमीच शिकिवला की आमाला!"

बाई भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "मला काय चौथा प्रश्न आठवत न्हवता व्हय? आठवत हुता. पण तू शास्त्र वर न्हेलंस की त्याच्या म्होरं. म्या म्हटलं, पिराजीनं हातोडी मारलीया म्हंजी माल पास. आपलंच कायतरी जुनं झालं आसंल."

पिराजीला वाटलं कुणीतरी छातीवर घण घातला. बाईच पुढं म्हणाल्या, "ब्रदर येऊन गेला मघाशी. लई गुणाचं पोरगं, रडलं माझ्यासाठी. म्हणालं, बाई, तुमचा विश्वास कमी पडला. सत्तर वरसं झाली पिराज्या मला विश्वास ठेवून, आन् कमी पडला! देवानं टाकलं रं मला. आता देवळात कुठल्या तोंडानं यिऊ? हितं नर्स सुई टोचती, टोचून घेती मी मुकाट. घरी गेल्यावर कुणासाठी घिऊ?"

पिराजी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला आणि मोठ्यानं रडला. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. चार वर्षांपूर्वी बसम्मा कॅन्सरनं गेली. शेवटपर्यंत औषध घेत होती आणि शेवटपर्यंत कानडीत प्रार्थना म्हणत होती. मग तिचाही कमी पडला का? हा सरळ प्रश्न इतके दिवस त्याच्या डोक्यात आला नव्हता, कारण त्यानं तो येऊच दिला नव्हता. तडा त्याला ऐकू आला होता, आणि गर्दीच्या खुशीत त्यानं कानावर हात ठेवले होते. पिराजीला स्वतःचाच संताप आला. नुसता आला नाही, उकळी फुटली!

तसाच तो हंबीरराव सरांच्या घरी गेला. येत्या रविवारी यशराजला कायमचा पाळक म्हणून बसवायचं ठरलं होतं, मंडप सांगून झाला होता, आचारी ठरला होता. पिराजी म्हणाला, "सर, प्रश्न ऱ्हायल्यात. आधी प्रश्न, मग पाळक."

सरांनी चष्मा काढला. "आता? तीन महिन्यांनी? लोक हसतील पिराजी. अरे, माझी नातवंडं देवळात यायला लागलीत. चाळीस वर्षं मी याची वाट बघितली. विठाबाईंचं वाईट झालं, मी नाकारत नाही. पण भरलेलं देऊळ मोडू नकोस."

"ट्रक गेटवर हुभा हाय म्हणून ब्रेक फुटायचा थांबतो व्हय, सर?"

"मी तुझ्या बाजूनं उभा राहणार नाही."

"नका ऱ्हाऊ. लॉट अडवायला मला कवा दुसरा माणूस लागला न्हाय."

सरांच्या बायको, पूर्णिमाकाकू, चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पिराजी चहा न घेताच निघाला, तर त्या मागून नुसतं "पिराजी भावजी..." म्हणाल्या आणि थांबल्या.

रविवार उजाडला. देवळामागं मोठाल्या हंड्यांतून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास, पुढं मंडप, फुलांच्या माळा, तीनशे माणसं. यशराज पांढऱ्या सदऱ्यात, हसरा, थोडा घाबरलेला. गाणी झाली. छप्पर हादरलं. मग पिराजी उठला, टेबलावरचं शास्त्र दोन्ही हातांनी उचललं आणि पुलपिटाच्या पायरीपाशी गेला. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात. आणि पिराजी वळला, पहिल्या पायरीवर मांडी घालून बसला, शास्त्र मांडीवर!

दोन क्षण कुणाला काही कळेना. मग मागून पोरं ओरडायला लागली. "ओ काका, पाय दुखाय लागलं का?" "उठवा त्यास्नी!"

"गप बसा!" पिराजी असा गरजला की ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. "तीन म्हैन्यामागं म्या चूक केली. ह्या देवळाची रीत मोडली. सात प्रश्न न घालता शास्त्र वर न्हेलं. चूक ब्रदरची न्हाय, माझी हाय. ती आज निस्तरल्याबिगर मी हितनं उठत न्हाय. ब्रदर, तुमची तयारी हाय?"

यशराज पुढं आला. भित्रा तर तो मुळीच नव्हता. "विचारा काका."

पहिला प्रश्न घातला. यशराजनं असं उत्तर दिलं की म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. दुसरा, त्याहून झकास. तिसरा, तारण कशानं होतं? यशराजचे डोळे भरले आणि तो इतकं सुंदर बोलला की टाळ्यांचा कडकडाट झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुस्तीच्या मैदानात नव्या पोरानं जुन्या पैलवानाला खाली घ्यावं, तसं देऊळ खूश. पिराजीच्या कपाळावर घाम. बाजूला हंबीरराव सर जमिनीकडं बघत बसलेले.

"चौथा," पिराजी म्हणाला. "आजारी मानसाला देवानं टाकलंय का?"

यशराज थांबला. लबाडी करायची असती तर तीन शब्दांत सुटला असता. पण पोरगं खरं होतं. "काका, मी खोटं बोलणार नाही. देव टाकत नाही, माणूस विश्वासात कमी पडतो. विश्वास पुरा असेल तर आजार राहत नाही. मी हेच मानतो."

"विठाबाईंचा कमी पडला?"

"...हो."

"आन् माझ्या बसम्माचा?"

बसम्माला तिथं सगळे ओळखत होते. शेवटच्या नाताळाला डोक्यावर एक केस नसताना तिनं सगळ्यांसाठी करंज्या केल्या होत्या. यशराज खाली बघत म्हणाला, "काका, तसं म्हणायला मला फार जड जातंय. पण... कमी पडला असेल."

पिराजीनं डोळे मिटले. "आता वाजलं. तीन म्हैने मी तुमचा आवाज ऐकत बसलो, शिकवण वाजवून बघितलीच न्हाय."

"म्हणजे काय? कुणाचं ऐकायचं आम्ही?" मागून एक पोरगा ओरडला. "बस की म्हाताऱ्या खाली!" "अहो, तो खालीच बसलाय!" हशा, गोंगाट, कुणी बाकावर चढलेलं. आता पिराजीला उचलून बाजूला ठेवणार असंच दिसत होतं. दोघं-तिघं पुढं सरसावलेही.

आणि बायकांच्या बाजूनं पूर्णिमाकाकू उठल्या. पन्नास वर्षांत देवळात मोठ्यानं बोललेल्या नव्हत्या. "थांबा! मला सांगायचंय. मी रोज सकाळी बीपीची गोळी घेते."

सरांची मान खाडकन वर आली. "अगं, तू तर टोपलीत..."

"रिकामं पाकीट टाकलं होतं!"

पहिल्यांदा कुणालाच हसावं की नाही कळेना. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, माझंबी रिकामंच हुतं!" तिसरी म्हणाली, तिनं संपत आलेली खोकल्याची बाटली टाकली होती. एक बाप्या उठून म्हणाला की त्यानं शेजाऱ्याच्या गोळ्या टाकल्या, आणि शेजारी त्याच्या अंगावर धावून गेला. देऊळ खदखदून हसायला लागलं. खुद्द यशराज तोंड उघडं टाकून टोपलीकडं बघत राहिला.

पूर्णिमाकाकू मात्र हसल्या नाहीत. "हसा," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे खोटं वागलो आणि धडधाकट राहिलो. एकट्या विठाबाई खऱ्या वागल्या आणि मरता मरता वाचल्या. आता सांगा, विश्वास कुणाचा कमी पडला?"

हसू जागच्या जागी विरलं. हंबीरराव सर उठले. खाकरले. सवयीनं सगळे ताठ बसले. सरांनी आधी पहिल्या बाकावरच्या नातवंडांकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ते पिराजीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी भ्यालो होतो. माणसं जातील म्हणून भ्यालो. वडिलानं भ्यायचं नसतं. ब्रदर, उत्तर जुळत नाही. शास्त्र वर जाणार नाही."

पिराजीला रडूच फुटलं.

मग जे व्हायचं ते झालंच. कीबोर्ड निघाला, ड्रम निघाला, अडीचशेच्या वर माणसं निघाली. सरांची नातवंडंही त्यात गेली, आजोबाकडं न बघता. पिराजी फाटकापर्यंत यशराजच्या मागं गेला. "लेकरा, तुझा चहा ऱ्हायलाय माझ्याकडं. रागावून न्हाय म्हणत. कवाबी ये, शनिवारी ये, निवांत बसू." यशराजनं भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि गाडीत बसला. अजून तरी आलेला नाही. पिराजी आलं मात्र आणून ठेवतो.

देवळात उरली चाळीस माणसं, आणि मागं तीनशे जणांचा रस्सा उकळत होता. आचारी डोक्याला हात लावून बसला. सर म्हणाले, "उपासना अर्धी राहिली. शास्त्र मी वाचतो."

"थांबा सर," पिराजी म्हणाला. "तुमी कवा पुलपिटावरनं बोललाय? नवं मानूस म्हंजी प्रश्न आलं. मी बाईस्नी आणतो."

रिक्षा करून तो विठाबाईंच्या दारात गेला. कालच त्या घरी आल्या होत्या. बाजेवर बसून होत्या, नवं पेन उशाशी तसंच, पिशवीतून बाहेरही काढलेलं नाही. "मी येत न्हाय," त्या आधीच म्हणाल्या.

पिराजी उंबऱ्यातच उकिडवा बसला. "बाई, माल परत धाडला. म्या न वाजवता पास केल्ता. तुमी हातोडीवर भरवसा ठिवला आन् हातोडी पडलीच नव्हती. चूक माझी हाय बाई, तुमची न्हाय."

बाईंनी विचारलं, "गर्दी?"

"गेली."

"मग आता मला कशाला?"

"सर शास्त्र वाचणार हाईत. त्यास्नी प्रश्न घालाय पायजेत, आन् आमाला सहावा कुणालाच आठवंना." हे साफ खोटं होतं. पण मास्तरणीला डिवचायचं औषध त्याला ठाऊक होतं.

"सहावा आठवंना?" बाईंनी काठी ओढली. "पन्नास वरसं घसा फोडला तो काय भिंतीफुडं? चल!" आणि निघताना पिराजीनं ती पिशवी गुपचूप उचलून घेतली.

बाई आल्या त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या, पुढं येईनात. सर पुलपिटाच्या पायरीशी हात जोडून उभे, एवढा मोठा हेडमास्तर. बाईंनी बसूनच पहिला प्रश्न घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. आवाज बारीक. सरांनी उत्तरं दिली. चौथ्याला बाई थांबल्या. पूर्णिमाकाकूंनी त्यांचा हात धरला. मग बाईंनी कसाबसा विचारला, "आजारी मानसाला... देवानं टाकलंय का?"

"नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "टाकलेलं नाही..."

बाईंचा हात सवयीनं कानामागं गेला. "काय? मोठ्यानं!"

"नाही, टाकलेलं नाही!"

"आजून मोठ्यानं!" बाई काठीवर उभ्या राहिल्या. आता नुसते सर नव्हे, चाळीसच्या चाळीस माणसं ओरडली, पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी, सगळी त्यांचीच पोरं. "टाकलेलं नाही! त्याच्या उशाशी देव बसला आहे!" पिराजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, डोळ्यांतनं पाणी वाहतंय आणि तो ओरडतोय. बाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या, अगदी सावकाश, हजेरी घेतल्यासारख्या. शेवटपर्यंत बघून झाल्यावर म्हणाल्या, "आता ऐकू आलं."

पाचवा, सहावा, सातवाही घालून झाला, तेव्हा पिराजीनं शास्त्र उचललं आणि पाच पायऱ्या एकेक करून चढला.

उपासना संपली, पंगत बसली. चाळीस माणसांना तीनशेंचं जेवण, आचारी हात जोडून वाढत सुटला. पिराजीनं बाईंच्या ताटाशेजारी ती पिशवी हळूच ठेवली आणि दुसरीकडं बघायला लागला. बाईंनी पिशवीकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग भर पंगतीत पेन बाहेर काढलं, टोपण उघडलं आणि मागचा खटका फिरवून डोस लावायला लागल्या. टक. टक. टक. पिराजीचा कान आपोआप तिकडं गेला. तो मोजत राहिला, चौदापर्यंत, आणि चौदाही खणखणीत वाजले.

"काय ऐकतोस रं?" बाई म्हणाल्या आणि सुई टोचून घेतली. "वाढ आता. पांढरा रस्सा जरा जास्त घाल."